हळदीचा कुकर, मोटारीतला लायटर आणि मिर्झापूरची भांडी

हळद निघाली की आमच्या मुदखेड-अर्धापूर भागात वाफेचे कुकर दिसायला लागतात. मध्ये बॉयलर, बाजूला ड्रम, आत भोकं पाडलेले पाईप. पूर्वी उघड्या कढईत शिजायची, पाणी अन् जळण दोन्ही जास्त जायचं. आता उद्या कुणी म्हणालं, ‘मी याला आपोआप वाफ बंद करणारी चावी बसवलीय, पेटंट घेतो, बाकीच्यांनी बनवणं थांबवा’, तर? आपल्या वेल्डिंगवाल्यांच्या पोटाचा प्रश्न आहे हा.

असाच वाद १९४१ साली मोटारीतल्या सिगार लायटरवरून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला होता. वायर नसलेला, काढून हातात घ्यायचा लायटर आधीच निघाला होता. तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅटही जुनाच. मीड नावाच्या माणसानं दोन्हींची सांगड घातली. दोन अपील कोर्टांचे निकाल एकमेकांच्या उलट. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही कारागिराची हुशारी झाली, शोध नव्हे. शोधात प्रतिभेची चमक दिसली पाहिजे. पेटंट गेलं.

निकाल ठीक, पण ही ‘चमक’ मला काही पटत नाही. दहा वर्षं हात भाजून घेत केलेला शोध काय कमी असतो? अमेरिकेनंही १९५२ च्या कायद्यात ती अट मोडीत काढली. शोध कसा लागला ते सोडा, त्या धंद्यातल्या जाणकाराला तो सहज सुचला असता का, एवढंच बघा.

आपल्याकडचा मोठा खटला मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचा. लेथवर भांडं पक्कं धरायची युक्ती, पेटंट १९५१ चं. जुन्या पद्धतीत भांडं उडायची भीती असायची, म्हणजे सुधारणा कामाचीच होती. हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं, अपिलात खंडपीठानं ते वाचवलं, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा रद्द केलं. माहीत असलेल्या गोष्टीत कारखान्यातली नेहमीची सुधारणा करणं म्हणजे शोध नव्हे. सत्तावीस वर्षं गेली यात!

तेव्हा कुकरवाल्यांनो, खरंच नवं काही जमलं असेल तर प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करा. आणि दुसऱ्यानं जुन्याच गोष्टीवर अर्ज केला, तर तो प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कलम २५(१) खाली कुणालाही लेखी विरोध करता येतो. वकीलच पाहिजे असं नाही, पुरावा पाहिजे. जुनी बिलं, तारखेसकट फोटो रद्दीत घालू नका.