नांदगावचा अहर्गण

मुरूडच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेल्या नांदगावास भारतीय ज्योतिषगणिताच्या इतिहासात जे स्थान मिळाले, ते केशव दैवज्ञ व त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांच्यामुळे. गणेशांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथाचा आरंभकाळ शके 1442, म्हणजे इ.स. 1520 हा आहे. ग्रंथाचे महत्त्व प्रामुख्याने एका प्रचंड संख्येशी त्याने केलेल्या व्यवहारात आहे.

ठरावीक आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत लोटलेल्या दिवसांच्या संख्येस ‘अहर्गण’ म्हणतात. सिद्धांतग्रंथ हा आरंभ कल्पापासून धरतात. कल्पाची वर्षे 4,32,00,00,000 असून या संख्येचे मूळ अवयव 2, 3 आणि 5 एवढेच असल्याने तिला 12, 60 व 360 यांनी निःशेष भाग जातो. वर्तुळाचे अंश मोजणाऱ्यास ही मोठीच सोय होती. मात्र भास्कराचार्यांच्या गणनेनुसार शकारंभीच कल्पाची 1,97,29,47,179 वर्षे सरली होती, तेव्हा त्यांचे दिवस करून गुणाकार-भागाकार मांडणे किती जिकिरीचे असेल, हे सांगायला नको. कलियुगापासून मोजले तरी ग्रहलाघवाच्या आरंभदिनी, 19 मार्च 1520 रोजी, अहर्गण 16,87,850 येतो. त्यास 7 ने भागता बाकी 3 उरते, आणि कलियुगाचा आरंभ शुक्रवारी धरला असल्याने तो दिवस सोमवार ठरतो.

गणेशांनी हा डोलारा बाजूला ठेवला. इष्ट शकातून 1442 वजा करून 11 ने भागावे. भागाकार तो ‘चक्र’, आणि अहर्गण केवळ बाकीच्या वर्षांचा काढावा. अकरा वर्षांत सुमारे 136 चांद्रमास, म्हणजे 4016 दिवस होत असल्यामुळे अहर्गण त्यापुढे जात नाही. शके 1947 साठी 505 वर्षांची 45 चक्रे होऊन 10 वर्षे उरतात. एका चक्रात ग्रहाच्या पूर्ण फेऱ्यांना जी तूट राहते ती ‘ध्रुव’. सूर्याची ती 1 अंश 49 कला 11 विकला आहे. ध्रुवास चक्रांनी गुणून अहर्गणावरून काढलेल्या ग्रहगतीतून वजा करावे आणि आरंभदिनाची स्थिती, म्हणजे ‘क्षेपक’, मिळवावा, की मध्यम ग्रह सिद्ध होतो. 4016 ला 7 ने भागता 5 उरतात, म्हणून वारासाठी अहर्गणात दर चक्रामागे 5 मिळवून सोमवारपासून मोजले की पुरते. याच ग्रंथात ज्या व चाप यांची, म्हणजे अर्धजीवा आणि कंसाची, किचकट कोष्टकेही टाळली आहेत.

1957 साली अमेरिकेत स्पुटनिक उपग्रहाच्या निरीक्षणासाठी ज्यूलियन दिनांकातून, म्हणजे खगोलशास्त्रातील सलग दिवसगणनेतून, 24,00,000.5 वजा करण्याची जी रीत रूढ झाली, तिच्यामागेही आकडा आटोपशीर करण्याचीच गरज होती.

गणेशांच्या या सोयीची किंमतही होती: ध्रुवातील सूक्ष्म चूक चक्रागणिक वाढत जाते आणि काही शतकांनी आकाशात दिसू लागते. तरीही मराठी मुलखातील पंचांगे 19व्या शतकापर्यंत बहुतांशी ग्रहलाघव आणि गणेशांच्याच ‘तिथिचिंतामणी’वरून होत राहिली.