खुब्याचा सांधा पुन्हा बदलताना: हरवलेल्या हाडाचा इतिहास

खुब्याचा सांधा बदलून पंधरा वर्षे झाली, चालताना काही त्रास नाही. तरी डॉक्टर एक्स-रे काढायला का सांगतात? उत्तर या शस्त्रक्रियेच्या इतिहासात सापडते.

इंग्लंडमधील राइटिंग्टन हॉस्पिटलात डॉ. जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम खुब्याची वाटी टेफ्लॉनची बसवली. रुग्णांच्या वेदना थांबल्या. पण धातूच्या गोळ्याशी घासून टेफ्लॉन काही वर्षांतच झिजले, त्याचा भुगा सांध्याभोवती साचला आणि अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९६२ पासून चार्नली पॉलिएथिलीन या अधिक टिकाऊ प्लॅस्टिकची वाटी वापरू लागले. टेफ्लॉनचा शरीरावरील परिणाम तपासण्यासाठी त्यांनी त्याचे कण स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले. तिथे गाठ आली.

पॉलिएथिलीनही झिजते, फक्त सावकाश. पुढे काही रुग्णांत सांध्याभोवतीचे हाड पोखरलेले दिसू लागले. सुरुवातीला दोष सांधा घट्ट बसवणाऱ्या बोन सिमेंटला दिला गेला. त्याला ‘सिमेंटचा आजार’ असे नावही पडले. पण सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यांभोवतीही तेच आढळले. मुख्य कारण होते झिजेतून सुटणारे अतिसूक्ष्म कण. आपल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे हाड खाणाऱ्या पेशी चेकाळतात. लाकडाला वाळवी लागावी तसे हे घडते; बाहेरून काही कळत नाही.

मग गेलेले हाड भरायचे कसे? नेदरलँड्समधील नायमेगनच्या डॉ. स्लूफ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक पद्धत मांडली. दात्याच्या हाडाचे बारीक तुकडे खड्ड्यात ठोकून घट्ट बसवायचे आणि त्यावर नवी वाटी सिमेंटने बसवायची. कालांतराने शरीर त्या तुकड्यांच्या जागी बरेचसे स्वतःचे हाड तयार करते. इंग्लंडमधील एक्सेटरच्या शल्यविशारदांनी हेच तंत्र मांडीच्या हाडात वापरले. मोठ्या पोकळीसाठी आज सच्छिद्र धातूचे भागही मिळतात. त्यांच्या छिद्रांत हाड वाढून शिरते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेले सुधारित पॉलिएथिलीन खूपच कमी झिजते. तरीही जुना सांधा असलेल्यांनी ‘दुखत नाही’ म्हणून तपासणी टाळू नये. झीज वेळीच दिसली, तर कधी कधी फक्त प्लॅस्टिकचा भाग बदलून आणि पोकळी भरून काम भागते. उशीर झाला, तर नवा सांधा धरायला हाडच उरत नाही.

म्हणून जुने एक्स-रे आणि शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवा, आणि ठरलेल्या तारखेला ते घेऊन या.