आणीबाणी व्यवस्थापन साहाय्य कार्यक्रम (कॅनडा)

कॅनडातील राखीव क्षेत्रांत राहणाऱ्या ‘फर्स्ट नेशन्स’ या मूळनिवासी समाजांना पूर, वणवे इत्यादी आपत्तींसाठी अर्थसाहाय्य देणारी संघराज्य शासनाची योजना. ती ‘इंडिजिनस सर्व्हिसेस कॅनडा’ हे खाते चालवते. प्रतिबंध, पूर्वतयारी, प्रतिसाद व पुनर्वसन हे तिचे चार भाग. वस्तीभोवतालची सुकी झाडी काढण्यापासून स्थलांतराच्या खर्चापर्यंत कामे तीत मोडतात. ऑन्टॅरिओतील ऑल्बनी नदीकाठच्या कॅशेचेवान वस्तीत वसंत ऋतूत नदीवरील बर्फ फुटू लागला, की पुराच्या भीतीने लोकांना विमानाने हलवावे लागते. महालेखापरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालानुसार खात्याचा प्रतिसाद व पुनर्वसनावरील खर्च प्रतिबंध व पूर्वतयारीच्या साडेतीन पट होता. बंधारे, मोऱ्या यांसारखे ११२ पात्र प्रकल्प निधीविना पडून होते.