सुटकेसमधलं इंजिन ऑइल

आजच्या भागात विमान आहे, समुद्र आहे आणि हिरो आहे इंजिन ऑइल. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करू. तेव्हाच्या बऱ्याच लढाऊ विमानांना रोटरी इंजिन असायचं. म्हणजे क्रँकशाफ्ट जागच्या जागी, आणि प्रोपेलरसकट अख्खं इंजिन गरगर फिरतंय! यात पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधूनच आत जायची. त्यामुळे पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारं तेल हवं होतं. ते कुठलं? आपलं एरंडेल! ते एकदा वापरलं की धुरासोबत बाहेर, थेट पायलटच्या अंगावर. परत गोळा करणं नाही, गाळणं तर नाहीच. ‘एरंडेल प्यायल्यासारखं तोंड’ आपण गमतीनं म्हणतो, पण या पायलट लोकांचं खरंच तसं व्हायचं.

पुढच्या इंजिनांत तेल टाकीतून इंजिनात आणि इंजिनातून परत टाकीत फिरू लागलं. तेल कमी होणं आता नेहमीचा खर्च राहिला नाही, ती धोक्याची खूण झाली.

आता या 15 मे 1935 वर. ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स किंग्सफोर्ड स्मिथ टपाल घेऊन न्यूझीलंडला निघाला होता. विमान ‘सदर्न क्रॉस’, तीन इंजिनांचं फोकर. सोबत पी. जी. टेलर आणि रेडिओ सांभाळणारा जॉन स्टॅनेज. खाली टास्मान समुद्र. बरेच तास उडल्यावर मधल्या इंजिनाच्या एक्झॉस्टचा तुकडा तुटून उजव्या प्रोपेलरवर आदळला. ते इंजिन बंद करावं लागलं. विमान सिडनीकडे वळवलं, वजन कमी करायला सामान समुद्रात फेकलं. तेवढ्यात डाव्या इंजिनाचं ऑइल प्रेशर उतरायला लागलं. आणखी एक इंजिन गेलं असतं, तर खेळ खलास.

पण बंद पडलेल्या उजव्या इंजिनात तेल होतं ना! टेलर बूट काढून विमानाबाहेर गेला आणि पंखाखालच्या दांड्यावरून, सोसाट्याच्या वाऱ्यात, इंजिनापर्यंत सरकला. ड्रेन प्लग उघडून थर्मासच्या भांड्यात तेल काढलं. स्टॅनेजनं ते एका छोट्या सुटकेसमध्ये जमवलं. मग टेलर दुसऱ्या बाजूनं पुन्हा बाहेर! तो तेल ओतताना स्मिथ डाव्या इंजिनाची पॉवर काढून घ्यायचा, कारण प्रोपेलरच्या झोतात तेलही उडालं असतं आणि टेलरही. तोवर विमान समुद्राकडे उतरत राहायचं. अशा सहा फेऱ्या झाल्या, आणि विमान सिडनीच्या मॅस्कॉट विमानतळावर सुखरूप उतरलं. टेलरला शौर्यपदक मिळालं, पुढे त्याच्या जागी जॉर्ज क्रॉस.

आता विचार करा. सुटकेसमधून ओतलेलं तेल किती स्वच्छ असेल? पण त्या क्षणी प्रश्न स्वच्छतेचा नव्हताच.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यातला प्राधान्यक्रम आवडतो. आजच्या छोट्या विमानांच्या ऑइल फिल्टरसोबत एक बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टर कचऱ्यानं तुंबला, तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे सोडतो. घाण तेलानं इंजिन हळूहळू झिजतं, तेलाविना काही मिनिटांत जॅम होतं. टेलरनं जे हातानं केलं, तोच निर्णय आज एक स्प्रिंग घेते.

आणि तेल आजही कमी होतंच. 160 हॉर्सपॉवरच्या लायकमिंग ओ-320 इंजिनाला कंपनीच्या सूत्रानं तासाला साधारण अर्धा लिटर ही कमाल मर्यादा आहे. चांगलं इंजिन याहून बरंच कमी पितं. म्हणून महत्त्वाचा असतो तो बदल. काल कमी पिणारं इंजिन आज अचानक जास्त प्यायला लागलं, तर कारण शोधायचं. साधारण 50 तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलतात. जुना फिल्टर लगेच फेकत नाहीत. तो कापून, आतला कागद उलगडून, धातूचे कण दिसतात का बघतात. कण चुंबकाला चिकटले तर लोखंड-पोलाद झिजतंय, नाहीतर ॲल्युमिनियमसारखं दुसरं काहीतरी. इंजिनाची लॉग फाइलच ती!

कधी फ्लाइंग क्लबवर गेलात, तर उड्डाणाआधी बॉनेटची छोटी झडप उघडून डिपस्टिक पुसणारे विद्यार्थी दिसतील. काम दोन मिनिटांचं आहे. ते जमिनीवर केलं की कुणाला पंखावर चढावं लागत नाही.

भेटू पुढच्या भागात!