दोन्ही बरोबर, तरी उत्तर चूक

विधान आणि कारण या प्रश्नातला सगळ्यात अवघड पर्याय दुसरा. विधान बरोबर, कारणही बरोबर, पण ते त्या विधानाचे कारण नव्हे. नीटच्या तयारीसाठी अकोल्यात आलेल्या मुलापुढे असे ठेवा: विधान, काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, कारण, या जमिनीत कापूस चांगला येतो. दोन्ही गोष्टी वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहेत. पण भेगा काही कापसामुळे पडत नाहीत. पावसाळ्यात पाणी धरून फुगणारी आणि उन्हात आकसणारी चिकणमाती दोन्हींच्या मुळाशी आहे. दोन खरी वाक्ये शेजारी ठेवली की त्यांचे नाते आपोआप जुळत नाही, ते वेगळे दाखवावे लागते. ही जाण वऱ्हाडाला वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकांच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तिचा पुरावा महानुभाव पंथाच्या ग्रंथांत सापडतो.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केले. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांना गाठून, विचारून, पडताळून त्यांनी त्या जमवल्या. पुढे केसोबासांनी त्यातून चक्रधरांची वचने वेचून सूत्रपाठ रचला, आणि दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत मांडले. तिथली मांडणी त्रिपदरी आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. पहिले दोन चक्रधरांचे, तिसरे केसोबासांचे. हत्तीचा दृष्टांत घ्या. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात. पायाला हात लागलेला त्याला खांब म्हणतो, कानाला लागलेला सूप. गोष्ट एवढ्यावर सोडली तर ऐकणारा तिच्यातून हवे ते काढील. हत्ती कोणाच्या जागी, आंधळे कोणाच्या जागी, आणि ईश्वराचा एखादाच अंश कळलेला माणूस त्यालाच पूर्ण ईश्वर कसा समजतो, ही जोडणी दार्ष्टांतिक करते. सूत्र आणि गोष्ट गुरूची असूनही त्यांच्यातला दुवा स्वतंत्रपणे लिहावा लागला, हे मला फार बोलके वाटते.

यावर नैयायिक हटकेल. गौतमाच्या न्यायात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच अंगे आहेत. दृष्टांतपाठात उदाहरण आहे, उपनयासारखे दार्ष्टांतिकही आहे, पण हेतू कुठे आहे? दृष्टांताने गोष्ट समजते, सिद्ध होत नाही. आक्षेप रास्त आहे. मात्र पंथाच्या पुढच्या भाष्यकारांनाही ती उणीव जाणवली असावी. वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले ते सांगणारे ‘प्रकरणवश’ आणि ते कशासाठी उच्चारले त्याचा शोध घेणारे ‘हेतुस्थळ’ असे ग्रंथप्रकारच त्यांनी घडवले. प्रसंगापासून तुटलेले सूत्र खरे असूनही भलत्याच गोष्टीचे कारण म्हणून वापरता येते. हा धोका ओळखल्याशिवाय एवढा खटाटोप कोण करील?

दुसरा आक्षेप इतिहासाचा. रिद्धपूरची पोथी आणि आजची उत्तरपत्रिका यांत कसलीच परंपरा नाही. आजचा प्रश्नप्रकार आधुनिक परीक्षापद्धतीतून आला. हे निर्विवाद आहे, आणि वारसा सांगण्याचा माझा हट्टही नाही. साम्य आहे ते अडचणीत, आणि फरक आहे तो उत्तरात. केसोबासांना दुवा शब्दांत मांडावा लागला. परीक्षेतल्या मुलाने तो मनात जुळवला काय किंवा अंदाजाने ठोकला काय, कागदावर दिसतो तो फक्त काळा केलेला गोल.