माफी आणि मोकळीक : नादारीचा आपला इतिहास



‘दिवाळे’ हा शब्द आपण हळू आवाजात उच्चारतो. शेजाऱ्याचे निघाले तर कुजबुजतो, घरचे निघाले तर तोंड लपवतो. आज आपण या शब्दाच्या मागे थोडे जाणार आहोत, कारण त्याच्या आडोशाला एक हक्क दडून राहिलेला आहे.

असं सांगतात की, जुन्या बाजारात पेढी बुडाली की मालक भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी. त्यावरून दिवाळे. दिवा दिसला की घेणेकऱ्यांनी समजायचं : आता उरलंय ते वाटून घ्या. ती जाहीर कबुली होती. पुढे तिला ‘खोर’ प्रत्यय लागला. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर, तसाच दिवाळखोर! एका प्रत्ययाने प्रसंगाचा स्वभाव करून टाकला. कायद्याच्या मराठीत मात्र दुसरा शब्द आहे : नादार. तो फारसीतून आला आणि त्याचा अर्थ एवढाच, की ज्याच्याकडे नाही तो. जवळ नसणं ही स्थिती आहे, तो गुन्हा नव्हे.

आता १८७५ सालाकडे येऊ. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि हे लोण आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातही पसरलं. लोकांनी मागितली ती मुख्यतः खतं आणि वह्या, आणि मिळाल्या तिथे त्यांची होळी केली. माणसांवर हात टाकल्याचे प्रकार त्या मानाने थोडे. कागदच का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू शेतकऱ्याला वाचवण्याचा. पण घडलं असं, की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. वाचता न येणारा माणूस अंगठा देत गेला. ज्या हिशेबाला शेवटच नाही, तो हिशेब लोकांनी जाळला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यात होते. आपलं नाशिक नव्हतं. त्या कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं, न्यायाधीशाला कर्जाचा मूळ इतिहास तपासायला लावलं, आणि नादारीवर एक स्वतंत्र प्रकरणच घातलं : पन्नास रुपये किंवा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याने नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करावा. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून पुढे ज्यांनी काम केलं ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्या निफाडचे. १८७८ मध्ये त्यांची बदली याच नाशकात झाली होती.

पण नादारीच्या त्या दारातून शेतकरी फारसे गेले नाहीत. आम्हांला त्याची कारणं दोन दिसतात. एक अब्रू. दुसरं कारण जास्त व्यवहारी : पुढच्या पेरणीला पैसे कोण देणार? तोच सावकार. मोकळं होऊन उपाशी राहण्यापेक्षा बांधलेलं राहून पेरणी करणं बरं, हा हिशेब काही मूर्खपणाचा नव्हता. म्हणूनच कर्जातून सुटण्याची वाट आणि नव्या कर्जाची रास्त सोय ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत.

आज काय आहे? मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि नाशिकसारख्या बाकीच्या भागासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. ज्याला कर्ज फेडणं अशक्य आहे आणि ज्याचं देणं पाचशे रुपयांच्या वर आहे, तो न्यायालयाकडे जाऊ शकतो. मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते. पण स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची गरजेची अवजारं सुटतात. शेवटी न्यायालय मुक्तीचा हुकूम देऊ शकतं. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत तर अगदी गरिबासाठी ‘नवी सुरुवात’ आहे : वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत, आणि स्वतःचं घर नसलेला माणूस. १ डिसेंबर २०१९ पासून व्यक्तींचा भाग लागू झाला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. बाकीच्यांसाठी तो अजून कागदावरच आहे.

कुणी विचारेल, मग दिलेल्या शब्दाचं काय? प्रश्न रास्त आहे. पण जे करणं मुळात शक्यच नाही, ते कर्तव्य कसं होईल? तत्त्वज्ञानातली ही जुनी कसोटी १९२० च्या कायद्यातही आहे. रुपयातले आठ आणेही जमत नसतील तर कर्जदाराला दाखवावं लागतं, की ही पाळी आपल्या दोषाने आलेली नाही. फसवून घेतलेलं कर्ज तर मुक्तीनंतरही सुटत नाही. लबाड आणि असहाय यांत फरक करायचा, हेच या कायद्याचं काम.

आपल्याकडे कर्जमाफीची सवय आहे. २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंत, २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत. त्या माफीने अनेकांना हात दिला, हे नाकारायचं नाही. पण माफी सरकार देतं तेव्हा मिळते, देतं तितकीच मिळते, आणि ती खाजगी सावकाराच्या वहीपर्यंत सहसा पोचत नाही. भाजीची गाडी लावणारा, रिक्षाचे हप्ते थकलेला, दवाखान्याच्या बिलात बुडालेला माणूस तर त्या यादीत नसतोच. माफी ही कृपा आहे. नादारी हा हक्क आहे. कृपेची वाट पाहावी लागते, हक्क मागता येतो.

कर्जापायी माणूस जीव देतो तेव्हा आपण हळहळतो. जिल्हा न्यायालयात एक अर्ज करता येतो, हे त्याला जिवंतपणी कुणी सांगितलं होतं का, एवढं आपण स्वतःला विचारू या. आणि अशा माणसाविषयी बोलताना ‘दिवाळखोर’ हा शब्द बाजूला ठेवू या. ‘नादार’ पुरेसा आहे.