पेशवाई बुडाली, मग पुण्यातल्या शास्त्री-पंडितांचं काय झालं?

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला आणि पुढे ब्रह्मावर्तला गेला. राजा गेला, पण त्याच्या आश्रयावर जगणारे वेदशास्त्रसंपन्न विद्वान पुण्यातच होते. त्यांचं पुढे काय झालं?

दक्षिणा म्हणजे काय?

श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा तळेगावच्या दाभाडे घराण्याची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि पहिल्या बाजीरावाने ती पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ती वाटली जाई. काशीपासून कर्नाटकापर्यंतचे पंडित तिच्यासाठी येत. ती फक्त ब्राह्मणांनाच मिळे, हे विसरून चालणार नाही.

इंग्रजांनी ती बंद का केली नाही?

कमिशनर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनला ठाऊक होतं की समाजावर वजन असलेला हा वर्ग दुखावला, तर राज्य चालवणं अवघड जाईल. त्यामुळे रक्कम कमी झाली, पण दक्षिणा सुरू राहिली. तिच्याच पैशातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. बाजीरावाच्या वाड्यात आता कंपनीच्या पगारावर न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र शिकवलं जाऊ लागलं.

शास्त्र्यांना नवी कामंही मिळाली. कोर्टात हिंदू कायद्यावर मत द्यायला शास्त्री नेमले गेले. १८२९ मध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर पंडितांनी तयार केलेला मराठी शब्दकोश छापून आला.

चीनमध्येही असंच घडलं होतं

१६४४ मध्ये चीनमध्ये मिंग घराण्याची सत्ता कोसळली आणि मांचूंचं छिंग घराणं आलं. तिथले कन्फ्यूशियन विद्वान जुन्या राजाशी निष्ठा राखून होते. १६७९ मध्ये कांगशी सम्राटाने त्यांच्यासाठी खास परीक्षा घेतली आणि निवडलेल्यांना मिंग काळाचा इतिहास लिहायला बसवलं. गू यानवू यांच्यासारख्या काहींनी मात्र नव्या दरबाराची नोकरी शेवटपर्यंत घेतली नाही. नव्या सत्तेला विद्वानांची गरज का असते? तलवारीने राज्य मिळतं, पण ते 'आपलं' वाटायला विद्वानांची मान्यता लागते.

पैसा कोणाचा, विद्या कोणाची?

१८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला : दक्षिणेतला काही पैसा मराठी ग्रंथांना द्या. शास्त्री मंडळी खवळली, पण दोन वर्षांत दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. पाठशाळेचं १८५१ मध्ये पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज. त्याच वर्षी कोर्टातले शास्त्रीही गेले.

आणि पुढची पिढी?

याच पाठशाळेत शिकलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरीत वर चढले. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' काढून इंग्रजी राज्यावरच लेखणी चालवली. पुढे नोकरी सोडून १८८० मध्ये टिळकांसोबत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं.

थोडक्यात, सत्तेने विद्वानांना पगार देऊन सांभाळलं खरं, पण त्यांच्या मुलांनी काय लिहावं, हे तिला ठरवता आलं नाही.